चाळीस पानांचा खेळ



घरात चार-पाच वर्षांचं मूल आहे आणि कपाटात कुठेतरी पत्त्यांचा कॅट पडलेला आहे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या आईवडिलांशी आणि आजीआजोबांशी मला आज बोलायचं आहे. मुलाला अंक यावेत म्हणून आपण तक्ते आणतो, गिरवायच्या वह्या आणतो, मोबाइलवरचे खेळ दाखवतो. आणि जो कॅट हाताशी आहे तो मात्र मूल झोपल्यावर बाहेर काढतो.

त्यामागची धास्ती मला कळते. पैसे लावून खेळणाऱ्यांनी आपले संसार कसे धुळीला मिळवले, हे आपल्यातल्या अनेकांनी जवळून पाहिलेलं असतं. लहान मुलांच्या खेळात पैसा नकोच, दोन रुपयेसुद्धा नकोत. पण पैसा बाजूला काढला की हातात राहते ती एक ते दहापर्यंतची चार रंगांत मांडलेली मोजणी. बालवाडीत शिकवताना इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं साधन मला दुसरं मिळालेलं नाही.

सुरुवात करताना कॅटमधली चित्रं काढून ठेवा. चार राजे, चार राण्या, चार गुलाम आणि जोकर. उरतात चाळीस पानं. एक्का सगळ्यांत मोठा, हा आपला मोठ्यांचा नियमही काही दिवस विसरा. लहान मुलासाठी एक्का म्हणजे एक. त्या पानावर एकच बदाम आहे, मग ते दहापेक्षा मोठं कसं, असं मूल विचारतं आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं.

आता एखादं पान नीट निरखून पाहा. कोपऱ्यात आकडा आहे आणि मधे तेवढेच बदाम किंवा किलवर आहेत. म्हणजे अंकाची खूण आणि अंकाचं मोल शेजारी शेजारी आहेत. वहीत सात गिरवणाऱ्या मुलाला सात हा वळणदार आकार दिसतो, सात वस्तू दिसत नाहीत. पानावर दोन्ही दिसतात. शिवाय त्या खुणांची मांडणीही मोठ्या विचाराची आहे. चौकीत चार कोपऱ्यांना चार. पंजीत तेच चार आणि मधोमध एक. छक्कीत तीन-तीनच्या दोन रांगा. सत्तीत त्याच सहा आणि मधे एक, अठ्ठीत त्याच सहा आणि मधे दोन. नव्वीत चार-चारच्या दोन रांगा आणि मधे एक, तर दश्शीत मधे दोन. काही दिवस ही पानं हाताळली की मूल मोजायचं थांबतं. पंजी दिसली रे दिसली की ‘पाच’ म्हणतं. सत्ती म्हणजे सहा आणि एक, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, ते त्याच्या डोळ्यांत बसलेलं असतं. पुढे पहिलीत जी बेरीज येते तिची ही खरी तयारी.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे तिथले पारंपरिक पत्ते, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिथल्या राजवाड्यात कारागीर आजही ही गोल पानं हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण एकशेवीस. त्या बारांत एक राजा, एक वजीर आणि बाकीची दहा एक ते दहाची. पण जुन्या घडणीच्या गंजिफेवर कुठेही आकडा लिहिलेला नसतो. मत्स्याच्या पानावर मासे, परशुरामाच्या पानावर परशू, आणि ते किती आहेत हे खेळणाऱ्याने पाहूनच ओळखायचं. आपल्या साध्या कॅटचंही असं करता येतं. कोपऱ्यातल्या आकड्यांवर कागदाची बारीक पट्टी चिकटवा. मग आकडा ओळखून सुटका होत नाही, मुलाला मधल्या खुणांकडे बघावंच लागतं. आठवड्याभराने पट्ट्या काढा आणि पाहा, मूल आकडा आणि खुणा दोन्ही कसं वाचतं ते.

मोजणं ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही, हे इथे सांगायला हवं. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली लहान मुलांच्या संख्याज्ञानावर एक पुस्तक लिहिलं आणि मोजण्यात किती वेगवेगळ्या समजुती गुंतलेल्या असतात ते दाखवलं. एका वस्तूला एकच अंक म्हणायचा. अंकांचा क्रम दर वेळी तोच ठेवायचा. आणि मोजताना शेवटी जो अंक आला, तोच त्या सगळ्या वस्तूंचा आकडा. ही तिसरी गोष्ट मुलांना उशिरा उमगते. मुलापुढे पंजी ठेवा. ते एकेका बदामावर बोट ठेवून ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असं अचूक म्हणेल. मग विचारा, ‘किती बदाम आहेत?’ पुष्कळ मुलं उत्तर देत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. त्यांच्या लेखी पाच हे त्या शेवटच्या बदामाचं नाव असतं. अशा मुलावर रागावून काही होत नाही, आणि आपण सांगून तर मुळीच काही होत नाही. ‘पाच आहेत’ हे कळण्याची त्याला गरज पडली पाहिजे. खेळात ती गरज पडते.

त्यासाठी सगळ्यांत साधा खेळ म्हणजे ‘कुणाचं मोठं’. दोघांनी पानं अर्धी अर्धी वाटून घ्यायची, पालथी ठेवायची. दोघांनी एकाच वेळी वरचं पान उलटायचं. ज्याचं मोठं त्याने दोन्ही उचलायची. सारखी आली तर पुन्हा एकेक पान टाकायचं आणि जिंकणाऱ्याने सगळीच न्यायची. अगदी लहान मूल असेल तर आधी फक्त एक्का ते पंजी, म्हणजे वीस पानं घ्या. आमच्या बालवाडीतली एक मुलगी या खेळात सत्ती आणि अठ्ठी समोरासमोर आली की अडायची. तिने आपली एक युक्ती काढली. एका पानावरच्या एका खुणेवर डाव्या हाताचं बोट ठेवायचं, दुसऱ्या पानावरच्या एका खुणेवर उजव्या हाताचं, आणि दोन्ही बोटं बरोबरीने पुढे सरकवायची. सत्तीवरचं बोट थांबलं आणि अठ्ठीवर अजून एक खूण उरली, की ती ओरडायची, ‘माझं मोठं!’ एकास एक जुळवून दोन समूहांची तुलना कशी करावी, हे तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. आठवड्याभरात तिला बोटांची गरज राहिली नाही.

अशा वेळी आपण मोठी माणसं काय करतो? ‘अगं, आठ मोठे, दिसत नाही का?’ असं म्हणून मोकळे होतो. कॉन्स्टन्स कामी यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याकडे शिक्षण घेतलं आणि नंतर अमेरिकेत अलाबामातल्या शाळांत पहिलीच्या वर्गांत गणितासाठी वहीतल्या सरावाऐवजी पत्त्यांचे आणि फाशांचे खेळ आणले. त्यांचा एक आग्रह मला फार मोलाचा वाटतो. मुलाचं उत्तर बरोबर की चूक, हा निवाडा मोठ्यांनी द्यायचा नाही. मुलांना आपसांत वाद घालू द्यायचा. दोन मुलं ‘माझं मोठं, नाही माझं मोठं’ करत पानं शेजारी ठेवून खुणा मोजतात, तेव्हा जे शिकणं होतं ते आपल्या सांगण्याने होत नाही. म्हणून खेळायला बसलात की मुलाची परीक्षा घेऊ नका. ‘हा कितीचा आकडा? सांग बरं, सात आणि दोन किती?’ असे प्रश्न सुरू झाले की मुलाला लगेच कळतं की हा खेळ नव्हे, हा अभ्यास आहे. मग ते पाणी प्यायला उठतं आणि परत येत नाही.

पानं वाटणंसुद्धा मुलाकडेच द्या. ‘तुला एक, मला एक, आजीला एक’ करत चाळीस पानं तिघांत वाटली की तेरा-तेरा होतात आणि एक पान हातात राहतं. ते कुणाला द्यायचं यावरून भांडण होतं. होऊ द्या. भागाकार आणि बाकी हे शब्द त्यांच्या कानावर पडायला अजून बरीच वर्षं आहेत, पण बाकी म्हणजे काय ते त्या एका पानाने त्यांना कळलेलं असतं.

आता बदाम सात. हा खेळ बहुतेक मराठी घरांत येतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या घरी शिकलेला असतो. बदाम सत्ती ज्याच्याकडे त्याने ती मांडायची. मग तिच्या एका बाजूने छक्की, पंजी, चौकी असं एक्क्यापर्यंत उतरत जायचं आणि दुसऱ्या बाजूने अठ्ठी, नव्वी, दश्शी असं राजापर्यंत चढायचं. बाकीच्या रंगांच्या सत्त्याही येतात आणि चार रांगा लागतात. पान नसेल तर पास. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. सातच का? कारण तेरा पानांत सत्ती बरोब्बर मधे असते, खाली सहा आणि वर सहा. लहान मुलांबरोबर चित्रं काढलेल्या चाळीस पानांनी खेळताना पंजीपासून सुरुवात करा.

या खेळाचा मला सगळ्यांत मोठा गुण वाटतो तो उलट मोजणीचा. एक ते दहा मूल पाढ्यासारखं घडाघडा म्हणतं, पण ‘चारच्या आधी कोण?’ विचारलं की एकपासून सुरू करून चारपर्यंत यावं लागतं. बदाम सातमध्ये दर डावाला हाच प्रश्न पुढे येतो, आणि तो विचारायला कोणी लागत नाही. खाली किलवर चौकी लागली आहे, माझ्या हातात तिर्री आहे, लागेल का? चार-पाच डावांनंतर मूल हातातली पानं आपणहून क्रमाने लावायला शिकतं. त्याही पुढे जाऊन एक दिवस ते पान अडवून धरतं. पंजीपासून मांडलेल्या डावात इस्पिक छक्की त्याच्याकडे आहे, ती टाकली नाही तर दादाच्या हातातली सत्ती, अठ्ठी दोन्ही अडकून पडतात, हे त्याच्या ध्यानात येतं. त्या दिवशी ते मूल अंकांच्या रांगेत दोन पावलं पुढचं बघत असतं. दादाची चिडचिड होते खरी, पण त्या लहानग्याचा चेहरा तेव्हा जरूर बघा.

अंकांच्या सरळ रांगेचा मुलांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमणी या संशोधकांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक साधा पट दिला. एका ओळीत एक ते दहा घरं, चकती फिरवायची, एक किंवा दोन घरं पुढे जायचं आणि जाताना त्या घरांवरचे अंक मोठ्याने म्हणायचे. दुसऱ्या गटाला तसाच पट दिला, पण त्यावर अंकांऐवजी नुसते रंग होते. दोन आठवड्यांत थोडा थोडा वेळ चार वेळा खेळून अंकांच्या पटावरच्या मुलांची समज स्पष्ट वाढली, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी ती टिकलेली होती. रंगांच्या पटावर तसं झालं नाही. पुढे रमणी यांनी पत्त्यांच्या खेळांवरही काम केलं. बदाम सातच्या चार रांगा मला या पटाच्याच जातीच्या वाटतात, आणि त्या मुलांनी स्वतःच्या हाताने एकेक पान ठेवून लावलेल्या असतात.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गुलामचोर थोडा बदलून घेता येतो. एक्का ते नव्वी अशी छत्तीस पानं घ्या आणि त्यातली एक पंजी काढून ठेवा. नेहमी आपण सारख्या पानांच्या जोड्या लावतो. इथे जोडी दहाची करायची. नव्वी आणि एक्का, अठ्ठी आणि दुर्री, सत्ती आणि तिर्री, छक्की आणि चौकी. पंजीला जोडीदार पंजीच. जोड्या खाली टाकायच्या आणि आळीपाळीने शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. शेवटी एकाच्या हातात एकटी पंजी राहते, तो चोर. दहा होण्यासाठी सातला किती हवेत, हे बोटं न मोजता येऊ लागलं की हातच्याच्या बेरजेतली निम्मी अडचण तिथेच संपते.

आणखी मोठ्यांसाठी पाच-तीन-दोन आहेच. तीस पानं, तिघेजण, प्रत्येकाला दहा, आणि हात पाच, तीन आणि दोन करायचे. ‘माझे तीन झाले, अजून दोन हवेत’ हे मूल दर हाताला मनाशी म्हणत असतं. हुकूम समजायला जरा वय लागतं, घाई नको.

हरल्यावर रडणाऱ्या मुलाचं काय, असं आया विचारतात. मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं आणि आवडत नाही. ‘कुणाचं मोठं’सारख्या खेळात नशिबाचाच भाग असतो, तिथे पाच वर्षांचं मूल आजोबांना खरोखरच हरवतं. रडणाऱ्या मुलाबरोबर असेच खेळ खेळा आणि डाव लहान ठेवा.

शेवटी एक काम सुचवते. बाजारच्या कॅटवर इंग्रजी आकडे असतात. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलासाठी घरीच कॅट करा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घ्या, सारख्या मापाचे चाळीस तुकडे कापा. कोपऱ्यात देवनागरी आकडा तुम्ही घाला, मधल्या खुणा मात्र मुलांना काढू द्या. चिंच, मासा, पतंग, फूल, त्यांना हवं ते. नऊ मासे एका पानावर कसे बसवायचे, याचा विचार त्यांना करू द्या. कोणी तीन-तीनच्या तीन रांगा करील, कोणी पाच आणि चार, कोणी सगळे एका कोपऱ्यात कोंबून दहावाही काढून बसेल. तो दहावा मासा तुम्ही खोडू नका. खेळताना त्याच्या भिडूने ते पान मोजलं की तो आपसूक सापडतो.