जुनी फटफटी, नवा घाट



मोटारसायकल आपल्याकडे आली तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी तिला 'फटफटी' असे नाव दिले. हे नाव तिच्या आवाजावरून पडले. आज ज्या प्रकारच्या गाडीविषयी मी बोलणार आहे तिचे नाव मात्र तिच्या आवाजावरून पडले नाही, रूपावरूनही नाही. ते पडले कारागिराच्या करणीवरून. तिला 'चॉपर' म्हणतात. चॉप म्हणजे तोडणे, छाटणे. कारखान्यातून निघालेली गाडी घ्यायची, तिच्यातले अनावश्यक वाटेल ते छाटून टाकायचे, सांगाडा कापून पुन्हा जोडायचा, पुढचा फोर्क लांब आणि तिरपा करायचा, बैठक खाली आणायची, आणि हजारो सारख्या गाड्यांतून एक वेगळी गाडी घडवायची, असा हा उद्योग आहे. बंगळुरात तो बऱ्याच हौसेने चालतो. त्यात कारागिरी आहे, पदार्थविज्ञान आहे, आणि माझ्यासारख्या सरकारी नोकराला अस्वस्थ करील इतका कायदाही आहे.

या छंदाचे मूळ अमेरिकेत आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापले, जास्तीचे लोखंड काढून टाकले आणि त्या हलक्या व वेगवान केल्या. पुढे वेगापेक्षा रूपाला महत्त्व आले आणि लांब फोर्कची चॉपर जन्मली. १९६९ साली 'ईझी रायडर' या चित्रपटाने तिला जगभर पोहोचवले. त्यातल्या प्रसिद्ध गाड्या घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय अमेरिकनांचा मोठा वाटा होता. परंतु त्यांची नावे लोकांना कळायला पुढे अनेक वर्षे लागली. कारागिराचे नाव मागे राहावे ही रीत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही!

मौज अशी की, त्याच युद्धातून उरलेल्या अमेरिकन गाड्यांचे आपल्या देशात अगदी उलट झाले. दिल्लीत जुन्या लष्करी हार्ले-डेव्हिडसनच्या मागे चार-सहा माणसे बसतील असा सांगाडा जोडला गेला आणि 'फटफट' या नावाने ती वाहने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उतारू वाहत राहिली. अमेरिकेतल्या तरुणाने एकट्याच्या आनंदासाठी गाडीतले लोखंड कमी केले. दिल्लीतल्या सरदारजीने कुटुंबाच्या पोटासाठी तिच्यात लोखंड वाढवले. लोखंड तेच, वेल्डिंगची ज्योतही तीच. माणसाची गरज बदलली की यंत्राचा घाट बदलतो, हे यावरून ध्यानात येईल.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. बंगळुरात दिसणाऱ्या चॉपर गाड्यांपैकी बहुतेकींचा पाया जुनी बुलेट असतो. बुलेटचे मागचे चाक चेनवर चालते. परंतु मोटारसायकलींची दुसरी एक जात आहे, जिच्यात चेन नसते. ट्रकच्या पोटाखाली फिरणारा लोखंडी दांडा, ज्याला आपले मिस्त्री शाफ्ट म्हणतात, तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तसाच एक लहान दांडा गिअरपेटीतून निघून मागच्या चाकापर्यंत जातो आणि तेथे क्राउन-पिनियनच्या जोडीने काटकोनात वळून चाक फिरवतो. बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या मॅक्स फ्रिट्झ या अभियंत्याने १९२३ साली रचलेल्या 'आर ३२' या गाडीने ही रचना नावारूपाला आणली. चेनला धूळ लागते, ती सैल पडते, तुटते. दांडा तेलाच्या बंदिस्त घरात सुरक्षित असतो. म्हणूनच वाळवंटातल्या लढाईसाठी अमेरिकन सैन्याने हार्लेकडून १९४२ च्या सुमारास अशा दांड्याच्या सुमारे एक हजार गाड्या करून घेतल्या. पुढे जपानी कंपन्यांनीही लांब प्रवासाच्या गाड्यांसाठी ही पद्धत उचलली.

प्रवाशाला जो दांडा वरदान वाटतो तो चॉपर करणाऱ्याला मात्र डोकेदुखी वाटतो. चेनच्या गाडीत मागचे चाक चार बोटे मागे न्यायचे असेल तर चेनला काही कड्या जोडल्या की काम भागते. चाक रुंद घालायचे असेल तर स्प्रॉकेट थोडे बाहेर सरकवता येते. दांडा अशी सवलत देत नाही. त्याची लांबी ठरलेली, त्याची रेषा ठरलेली, आणि बहुतेक गाड्यांत तो मागच्या स्विंगआर्मच्या एका नळीतच बसवलेला. तेव्हा सांगाडा लांबवायचा म्हणजे दांडाही लांबवणे आले. ताशी ८० किलोमीटर वेगाला मागचे चाक मिनिटाला सुमारे साडेसहाशे फेरे घेते आणि दांडा त्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. कापून जोडलेला दांडा केसभर जरी वाकडा राहिला तरी त्या वेगाला तो थरथरू लागतो, आणि ती थरथर प्रथम बेअरिंग खाते, मग क्राउन-पिनियनचे दात खाते. म्हणून जाणता कारागीर शक्यतो दांड्याला हात लावीत नाही. दांड्याची लांबी हीच तो गाडीची मोजपट्टी मानतो आणि बाकीचा घाट तिच्याभोवती रचतो.

चॉपरच्या भक्तांना मागच्या बाजूला शॉकअप नको असतात; मणक्याला सोसेल तितके सोसावे, पण रेषा सरळ दिसावी, हा त्यांचा आग्रह. येथे दांड्याच्या गाडीत एक सोय आहे. शॉकअपच्या जागी तितक्याच लांबीच्या भरीव कांबी बसवल्या की स्विंगआर्म जागच्या जागी स्थिर होते आणि आतल्या दांड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. १९२३ च्या त्या 'आर ३२'लादेखील मागे स्प्रिंग नव्हतीच. दांड्याच्या गाडीची एक जुनी खोडही यामुळे जाते. अशा गाडीला एकदम वेग दिला की पिनियन क्राउनच्या दातांवर चढू पाहते आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. मागची बाजू घट्ट बांधली की हे उचलणे बंद होते. अर्थात कांबी बसवणे सोपे असले तरी तो शेवट नव्हे. पूर्वी जो धक्का स्प्रिंग गिळत असे तो आता थेट सांगाड्याच्या जोडांवर येतो, आणि ते जोड त्या हिशेबाने केलेले नसतात. तेथे आधाराच्या पट्ट्या द्याव्या लागतात.

पुढच्या फोर्कची गोष्ट याहून नाजूक आहे. साध्या मोटारसायकलीचा फोर्क उभ्या रेषेपासून साधारण सत्तावीस ते तीस अंश कललेला असतो. चॉपरमध्ये तो चाळीस आणि त्याहूनही पुढे नेतात. कल वाढला की, हँडलचा आस जमिनीला जेथे भिडतो तो बिंदू चाकाच्या टेकण्याच्या जागेपासून आणखी पुढे जातो. त्यामुळे सरळ मोकळ्या रस्त्यावर गाडी बाणासारखी स्थिर चालते; परंतु हळू चालवताना तिचे पुढचे चाक आपल्याच वजनाने एका बाजूला पडू पाहते आणि वळण घ्यायला बैलगाडीएवढी जागा लागते. अमेरिकेच्या सरळ महामार्गावर जन्मलेली ही गाडी सिल्क बोर्डाच्या चौकात, पुढे बस आणि मागे रिक्षा अशा अवस्थेत चालवायची, म्हणजे हौसेची परीक्षाच. शिवाय आपले गतिरोधक तिचे पोट घासल्याशिवाय सहसा सोडत नाहीत.

हे सारे काम बंगळुरात होऊ शकते याला इतिहास आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला. तोच आजचा हिंदुस्थान एरोनॉटिक्स. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स आले. या कारखान्यांभोवती लेथ चालवणारे, गिअर कापणारे, पातळ पत्रा जोडणारे हात तयार झाले आणि त्यांची विद्या पीन्यासारख्या वसाहतींतल्या लहान लहान कारखान्यांत झिरपली. जे.सी. रोडवर जुन्यानव्या सुट्या भागांची दुकाने आहेत, शिवाजीनगरच्या गुजरीत मोडीच्या गाड्यांचे अवयव मिळतात, आणि दोन हजार फेऱ्यांवर न थरथरणारा दांडा सरळ करून देणारा माणूसही या शहरात शोधला तर सापडतो. मुंबईत अक्षय वर्दे यांनी याच कलेचा व्यवसाय केला आणि त्याला 'वर्देंची' असे आपल्या षष्ठी विभक्तीतले नाव दिले. गाडी कोणाची? तर वर्देंची! मराठी कानाला हे नाव गोड लागते.

परंतु 'गाडी कोणाची' या प्रश्नाला दुसरे एक उत्तर आहे, आणि ते सरकारी दप्तरात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना सन्मानाने वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. पण अट अशी की, वाहन मूळ रूपात राखलेले असावे. म्हणजे जुनी गाडी जशीच्या तशी जपणाऱ्याचा गौरव, आणि तिला नवा जन्म देणाऱ्याला दंड!

हे ऐकून रसिक माणूस रागावेल. मी रागावू शकत नाही, कारण कायद्यामागचे कारण मला दिसते. रस्ता एकट्याचा नसतो. सांगाड्याचा जोड ज्याने केला त्याने तो धोका स्वतः पत्करला असेल. समोरून येणाऱ्या शाळकरी मुलाने तो पत्करलेला नाही. सांगाड्यावरचा क्रमांक म्हणजे गाडीची ओळख. तो सांगाडाच कापला तर चोरीची गाडी आणि घडवलेली गाडी यांत भेद कसा करायचा? अपघातानंतर विमा कंपनीही हेच विचारते.

तथापि, एक गोष्ट सरकारी नोकर या नात्यानेच म्हणावीशी वाटते. ज्या कामाला परवानगीचा मार्गच नसतो ते काम थांबत नाही. ते आडोशाला जाते. आडोशाच्या कामात सर्वांत आधी तपासणी जाते, आणि मग उत्तम कारागीर व अडाणी कापाकाप करणारा दोघे एकाच रांगेत उभे राहतात. सायलेन्सर काढून रात्री गल्ली दणाणून सोडणारा उनाड आणि सहा महिने खपून दांड्याची रेषा साधणारा कसबी, यांना कायद्याच्या पुस्तकात एकच नाव मिळते. ब्रिटनमध्ये अशा एकट्यादुकट्या घडवलेल्या वाहनाची स्वतंत्र तपासणी करून त्याला नोंदणी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे पुण्याला १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. कारखान्यांच्या नव्या गाड्या तेथे तपासल्या जातात. सांगाड्याचे जोड, ब्रेक, दिवे आणि धूर एवढे तरी पाहून, रास्त शुल्क घेऊन, एकेका गाडीला होय किंवा नाही म्हणणारी खिडकी कोठेतरी उघडावी, ही मागणी अवाजवी नाही. नकार मिळाला तरी तो तपासून मिळालेला असेल.

तोपर्यंत ज्या तरुणांना ही हौस आहे त्यांना दोन गोष्टी सांगतो. कायदा मोडून गाडी रस्त्यावर आणू नका. प्रदर्शनात किंवा खाजगी आवारात ठेवलेली गाडीही विद्या शिकवतेच. आणि शिकायला दांड्याची गाडी उत्तम. चेन माणसाची चूक कड्या घालून झाकून घेते. दांडा ती झाकीत नाही. जुन्या यंत्राचा एक भाग जसा आहे तसा मान्य करायचा आणि उरलेले आपले स्वातंत्र्य त्याच्याभोवती रचायचे, ही शिस्त त्याच्यापाशी शिकता येते. ती ज्याला साधली त्याला नियमांचे ओझे तितकेसे वाटत नाही, आणि नियम करणाऱ्यांनीही असल्या माणसाला ओळखावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.