घरातली मांडणी



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण थोरामोठ्यांची व्याख्याने ऐकली. कोणी राज्यघटनेवर बोलले, कोणी संतवाङ्मयावर. आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते चार खांब आणि तीन फळ्या घेऊन. विषयाचे नाव ऐकून पहिल्या रांगेतले काही गृहस्थ गालातल्या गालात हसले, ते आम्ही पाहिले. त्यांचा आम्हांला राग नाही. एके काळी आम्हीही असेच हसत होतो, आणि त्या हसण्याची किंमत आमच्या आईने मोजली. ती हकीकत सांगितल्यावाचून हा विषय पुढे जाणार नाही.

मांडणी म्हणजे काय, हे या सभेतल्या भगिनींना सांगायला नको. वर्षाचे लोणचे, मोरांबा, आमसुले, मीठ, पापडांचे डबे, हा सारा संसार जिच्यावर उभा असतो ती मांडणी. आमच्या घरी ती नव्हती. आईच्या बरण्या कोनाड्यात आणि खाटेखाली दाटीवाटीने राहत. आम्ही त्या वेळी नुकतेच पदवीधर होऊन शाळेत गणित शिकवू लागलो होतो. सुताराला बोलवावे, असे आई म्हणाली. आम्ही म्हणालो, "त्यात सुताराचे काय काम? चार खिळे ठोकायचे!" रविवारी चार फूट लांबीच्या, अर्धा इंच जाडीच्या फळ्या आणल्या, दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या लावल्या, बाहेरून खिळे ठोकले. संध्याकाळी मांडणी उभी राहिली आणि आमची छाती दोन इंच फुगली.

आषाढातल्या एका रात्री मोठा आवाज झाला. दिवा लावून पाहतो तो मांडणी एका अंगाला लवून आडवी झालेली, जमिनीवर खापऱ्या, तेल आणि कैरीच्या फोडी. पाच बरण्या होत्या, एकही वाचली नाही. त्यांतली एक आईने माहेराहून आणलेली होती. आई काही बोलली नाही. सकाळपर्यंत बसून तिने जमीन पुसली. त्या वर्षी आमच्या घरात लोणचे आले ते शेजाऱ्यांकडून, वाटीने. कोणाच्या दारी वाटी घेऊन न गेलेली ती बाई पानात लोणचे वाढताना आमच्याकडे पाहत नसे.

मग सुतारकाका आले. पडलेला सांगाडा त्यांनी उलटून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "मास्तर, वजन केलं होतं का?" आम्ही केले नव्हते. शेजारची तसलीच एक भरलेली पाच लिटरची चिनी मातीची बरणी तोलून पाहिली, ती साडेआठ किलो भरली. पाच बरण्या म्हणजे साडेबेचाळीस किलो. एखाद्या शाळकरी मुलाला अर्ध्या इंचाच्या फळीवर उभे करावे आणि बारा महिने उतरू देऊ नये, असाच तो प्रकार. लाकूड पहिल्या दिवशी जेवढे वाकते तेवढ्यावर थांबत नाही. भार कायम राहिला की ते महिनोन्‌महिने हळूहळू वाकतच राहते.

आता यातले गणित पाहू. फळी दोन टोकांवर टेकलेली आहे आणि तिच्यावर बरण्या सारख्या दाटीने मांडल्या आहेत, असे समजा. टेकूंमधले अंतर निम्मे केले तर फळीचा वाक निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. जाडी दुप्पट केली तर वाक आठवा हिस्सा होतो. आम्ही चार फुटांऐवजी दोन फूट अंतर ठेवले असते आणि अर्ध्या इंचाऐवजी एक इंचाची फळी घेतली असती, तर वाक एकशे अठ्ठावीस पटींनी कमी झाला असता. सुतारकाकांना हा हिशेब कागदावर मांडता येत नव्हता. पण दोन फुटांवर खांब हवा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आम्हांला घातांक ठाऊक होते आणि फळी ठाऊक नव्हती.

दुसरी चूक खिळ्यांची. फळीच्या टोकातून, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, शिरलेला खिळा पकड धरत नाही. आमचे सारे ओझे अशा खिळ्यांवर लोंबकळत होते. सुतारकाकांनी खांबांना खाचा पाडल्या आणि फळ्या त्यांत बसवल्या. भार लाकडाने लाकडावर टेकवावा, खिळ्याने किंवा स्क्रूने फक्त हलू देऊ नये, हा त्यांचा नियम. स्क्रूही पितळेचे घेतले, कारण लोणच्याचे मीठ झिरपले की लोखंड गंजते.

तिसरी चूक ऐकताना आम्हांला सर्वांत लाज वाटली. चार बाजूंची चौकट सांध्यांत लवू शकते, त्रिकोण लवत नाही. म्हणून पाठीमागे एक तिरपी पट्टी मारायची. आणि चौकट काटकोनात आहे की नाही हे कसे पाहायचे? सुतारकाकांनी सुतळी घेतली, एक कर्ण मोजला, मग दुसरा मोजला. दोन्ही सारखे भरेपर्यंत चौकट ढकलली आणि मगच पट्टी ठोकली. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्ण सारखे, तर कोन काटकोन. हे प्रमेय आम्ही आदल्याच आठवड्यात फळ्यावर सिद्ध करून दाखवले होते, आणि वर्गात एका मुलाला ते आले नाही म्हणून बाकावर उभे केले होते!

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. लाकूड सागवानी मिळाले तर उत्तमच. नाहीतर खोक्यांचे लाकूडही चालते, पण ते वाळलेले हवे. ओले लाकूड पुढे आकसते आणि सांधे सैल पडतात. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, म्हणून अखंड फळीऐवजी पट्ट्या लावल्या तर मधे थोडी फट ठेवावी. तिच्यातून हवाही खेळते. सर्वांत खालची फळी जमिनीपासून पाच-सहा इंच उंच असावी, म्हणजे केरसुणी फिरते आणि वाळवी लागली तर लवकर दिसते. जड बरण्या खाली, हलके डबे वर. पुढच्या कडेला इंचभर उंचीची पट्टी मारावी. मांडणी वरून भिंतीला पक्की बांधावी, कारण घरात चढणारी मुले असतात. चुलीची धग आणि उन्हाची तिरीप या दोहोंपासून ती दूर ठेवावी.

आमचा एक पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडे घरी बिअर करण्याचा छंद पुष्कळांना आहे. १९७८ साली तिथल्या केंद्रीय कायद्याने त्याला मोकळीक दिली. आपल्या राज्यात परवान्यावाचून असे करणे गुन्हा आहे, आणि आम्ही त्याची भलामण करायला उभे नाही. पण त्याने आम्हांला फोनवर विचारले, "काका, फळी वाकते आहे, काय करू?" त्याच्याकडे पाच गॅलनचे, म्हणजे एकोणीस लिटरचे काचेचे बुधले. भरला की एकेक पंचवीस किलोंच्या घरात जातो. बाटल्या तपकिरी काचेच्या आणि त्याही अंधारात ठेवाव्या लागतात, उजेडाने चव बिघडते. तिकडे 'दोन बाय चार' म्हणून मिळणारे लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. आम्ही त्याला सांगितले, "बुधले सर्वांत खाली ठेव, मधे खांब घाल आणि कर्ण मोज." मांडणी अजून उभी आहे, असे तो कळवतो. सुतारकाकांची सुतळी अशी समुद्रापार पोहोचली.

श्रोतेहो, १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, असा विचार गांधीजींनी तिथे मांडला. त्यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ झाली. करवत धरणारे पांढरपेशे मात्र थोडेच निघाले. सुताराला बोलावू नका, असे आमचे म्हणणे नाही. त्याचे काम 'चार खिळे' नाही, एवढे कळण्यापुरती तरी करवत प्रत्येकाने हाती धरावी. स्वतः एक सांधा जमवून पाहिला की मजुरी देताना घासाघीस करायला जीभ उचलत नाही.

दुसरी मांडणी आम्ही सुतारकाकांच्या देखरेखीखाली स्वतः केली. आईने पहिल्या दिवशी तिच्यावर रिकामी बरणी ठेवली. आठ दिवसांनी मिठाची ठेवली. लोणच्याची बरणी ठेवायला तिने पुढचा आषाढ जाऊ दिला. त्या रात्री आम्ही पावसाचा आवाज ऐकत जागेच होतो. सकाळी पानात लोणचे वाढताना आईने आमच्याकडे पाहिले.