जागा वैशाखात पाहा



शिक्षण संपवून चार कुटुंबांनी खेड्यात नवी वस्ती करावी, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आहे. जरूर करा. पण जागा श्रावणात पाहू नका. तेव्हा सारेच रान हिरवे. वैशाखात या, विहिरीत डोकावा. आपले तेरखेडा गाव दुष्काळी पट्ट्यातले. फटाक्यांच्या धंद्याने इथल्या चुली पेटत्या ठेवल्या, पण तो ठिणगीला भिऊन करायचा धंदा! शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतील अनेक गावे नव्या जागी वसली. घरे मजबूत मिळाली. शेते मात्र कित्येकांना लांब पडली.

जागा ठरवायला घरच्या बायकांनाही न्या. हंडा किती लांबून आणायचा, मुलगी शाळेत पायी जाईल का, हे त्याच आधी विचारतील.