विद्यापीठाची देवडी

रुग्णालयांतील दुसरी पाळी आटोपून रात्रीं साडेदहा वाजतां घरीं परतलेली एखादी परिचारिका जेवणानंतर मोबाईल हातांत घेते. अतिदक्षता विभागांतील शुश्रूषेचा एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करतां येईल काय, हें तिला पाहावयाचें असतें. तिचे प्रश्न मोजून पांच : वर्ग केव्हां भरतात, शुल्क किती, पात्रता कोणती, अर्जाची शेवटची तारीख केव्हां, आणि अर्ज कोठें करावयाचा. ती विद्यापीठाचें संकेतस्थळ उघडते. समोर सरकतीं छायाचित्रें येतात, कुलगुरूंचा संदेश येतो, दीक्षान्त समारंभाचा वृत्तान्त येतो. अभ्यासक्रमांची यादी एका जागीं, शुल्काचा तक्ता दुसऱ्या जागीं, आणि वेळापत्रक तिसऱ्या जागीं, तेंही गतवर्षींचें. पंधरा मिनिटांनीं तिचे डोळे मिटूं लागतात. चार दिवसांनीं मुदत संपते आणि तिचें एक वर्ष जातें. विद्यापीठाच्या दफ्तरीं या हानीची नोंद कोठेंच होत नाहीं; कारण जो आंत आलाच नाहीं, त्याची गैरहजेरी कोणी लावीत नाहीं.

जुन्या वाड्याला देवडी असे. देवडीवरच्या माणसानें आल्यागेल्याची विचारपूस करावी आणि ज्याला त्याला योग्य त्या चौकांत पोंचवावें, एवढेंच त्याचें काम. संकेतस्थळ ही आजच्या विद्यापीठाची देवडी होय. परंतु पुष्कळ ठिकाणीं या देवडीचा दिवाणखाना झालेला दिसतो. २०१० सालीं अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनीं ‘एक्सकेसीडी’ या आपल्या चित्रमालेंत ही विसंगति दोन वर्तुळांनीं दाखविली. विद्यापीठाच्या पहिल्या पानावर जें असतें तें एका वर्तुळांत : छायाचित्रें, प्रसिद्धिपत्रकें, अध्यक्षांचें पत्र. लोक जें शोधावयास येतात तें दुसऱ्यांत : अर्जाचे नमुने, शैक्षणिक दिनदर्शिका, अभ्यासक्रमांची यादी, दूरध्वनि क्रमांक. दोन्ही वर्तुळें जेथें एकमेकांवर येतात, तेथें एकच गोष्ट होती : संस्थेचें पूर्ण नांव.

हें कोणी जाणूनबुजून करतो असें नाहीं. प्रत्येक विभागाला पहिल्या पानावर जागा हवी असते, आणि कोणत्याही विभागप्रमुखाला ‘नाहीं’ म्हणणें सोपें नसतें. पूर्णवेळ विद्यार्थी हा दोष कसाबसा सोसतो. त्याला सोबती असतात, सूचनाफलक असतो, कार्यालयाची खिडकी असते. व्यावसायिक शिक्षण घेऊं पाहणाऱ्या प्रौढाची गोष्ट निराळी. तो दिवसा कामावर असतो, आणि त्याला सवड मिळते तेव्हां कार्यालय बंद झालेलें असतें. त्याच्यापुरतें विद्यापीठ म्हणजे तें संकेतस्थळच. म्हणूनच त्याची रचना हा सजावटीचा प्रश्न नसून न्यायाचा प्रश्न आहे.

यांत भर पडते ती अपुऱ्या मुदतीची. अभ्यासक्रम मंजूर होण्यास महिने लागतात, निधि मिळण्यास आणखी महिने लागतात, आणि संकेतस्थळ उभारणाऱ्यांच्या हातीं शेवटीं पांच-सहा आठवडे उरतात. प्रवेशाची तारीख तर जाहीर झालेली असते. कोणत्याही कामांत तीन गोष्टी कमीअधिक करतां येतात : वेळ, माणसें आणि कामाचा व्याप. येथें वेळ बांधलेला असतो. तेव्हां पहिला विचार सुचतो तो अधिक माणसें लावण्याचा. फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं आय. बी. एम. कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणकांसाठीं चाललेल्या प्रचंड कार्यप्रणालीच्या उभारणीचें नेतृत्व केलें होतें. त्या अनुभवावर लिहिलेल्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या १९७५ सालच्या ग्रंथांत त्यांनीं या समजुतीचा फोलपणा दाखवून दिला. आधींच मागें पडलेल्या कामावर नवीं माणसें घातलीं, तर जुन्यांचा वेळ त्यांना शिकविण्यांत जातो आणि काम अधिकच मागें पडतें. शिवाय ५ माणसांत आपसांतील बोलण्याच्या जोड्या १० होतात. तींच माणसें १० झालीं कीं जोड्या ४५ होतात. निरोप वाढतात, गैरसमज वाढतात, आणि काम तेवढेंच राहतें.

उरतो तो कामाचा व्याप. मुदत अपुरी असेल तर कांहींतरी वगळलेंच पाहिजे. सगळें काम अर्धेंमुर्धें करणें हा एक मार्ग, आणि थोडें काम संपूर्ण करणें हा दुसरा. यांपैकीं दुसरा मार्ग कसा चालतां येतो, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९९९-२००० च्या सुमारास एक प्रश्न चर्चेंत होता. पदवीनंतरही शिकत राहूं इच्छिणाऱ्या जगभरच्या लोकांसाठीं संस्थेनें आंतरजालाचा उपयोग कसा करावा, असा तो प्रश्न. शुल्क घेऊन दूरशिक्षण द्यावें, हा विचार प्रारंभीं होता. परंतु हिशेब मांडल्यावर त्यांतून किफायत होण्याची खात्री वाटेना. अखेर अभ्याससाहित्य सर्वांना विनामूल्य खुलें करावें, असें ठरलें. ४ एप्रिल २००१ रोजीं अध्यक्ष चार्ल्स वेस्ट यांनीं ‘ओपनकोर्सवेअर’ ही योजना जाहीर केली. सुमारें दहा वर्षांत सुमारें २००० अभ्यासक्रम मांडण्याचा तो संकल्प होता. वचन जगासमोर दिलें गेलें होतें, आणि एकही पान अद्याप तयार नव्हतें.

३० सप्टेंबर २००२ रोजीं संकेतस्थळ लोकांसाठीं उघडलें, तें अवघे कांहीं डझन अभ्यासक्रम घेऊन. पण जे होते ते वापरतां येण्याजोगे होते. पुढील एका वर्षांत हा आंकडा ५०० वर गेला. म्हणजे सरासरीनें दररोज एकाहून अधिक अभ्यासक्रम सिद्ध झाला. नोव्हेंबर २००७ पर्यंत संख्या १८०० झाली, आणि संस्थेचा जवळजवळ सारा पाठ्यक्रम तेथें आला. ही गति शक्य झाली त्याचें मोठें कारण सांचा. विषय भौतिकी असो वा इतिहास असो, पानाची मांडणी तीच : रूपरेषा, वेळापत्रक, वाचन, व्याख्यानांचीं टिपणें, गृहपाठ, परीक्षा. प्रत्येक अध्यापकानें आपली निराळी शोभा केली असती, तर पन्नासच अभ्यासक्रम पुरे झाले असते कीं नाहीं याची शंकाच आहे. वाचकालाही एक पान कळलें कीं सगळीं कळतात. काय मिळणार नाहीं, हेंही तेथें उघड लिहिलें होतें : पदवी नाहीं, प्रमाणपत्र नाहीं, अध्यापकांशीं संपर्क नाहीं. नकार स्पष्ट असला कीं कोणाचा वेळ फुकट जात नाहीं.

या उदाहरणांत आणखी एक धडा आहे. पानें रचण्यापेक्षां अवघड ठरलें तें अनुमति मिळविणें. अध्यापकांच्या टिपणांत दुसऱ्यांच्या ग्रंथांतील आकृत्या होत्या. वर्गांत त्या दाखविणें निराळें आणि जगासमोर प्रसिद्ध करणें निराळें. एकेका आकृतीसाठीं मालकाची परवानगी मागावी लागे. न मिळाल्यास ती नव्यानें काढावी लागे, नाहीं तर वगळावी लागे. संगणकाच्या वेगानें परवानगी येत नाहीं. म्हणून जें काम दुसऱ्यांच्या उत्तरावर अवलंबून आहे तें पहिल्या दिवशीं हातीं घ्यावें, आणि रंगसंगतीचा वाद शेवटीं ठेवावा. प्रत्यक्षांत बहुधा उलट घडतें. बोधचिन्ह किती मोठें असावें यावर दोन बैठका होतात, आणि शुल्काचा तक्ता कोणी तपासावयाचा हें आदल्या रात्रीं आठवतें.

घाईंत बळी पडणारी दुसरी गोष्ट म्हणजे सुगमता. अंध मनुष्य संगणकाकडून मजकूर वाचवून घेतो. पण वेळापत्रकाचा कागद छायाचित्रासारखा टिपून लावला असेल, तर वाचणाऱ्या यंत्राला त्यांत अक्षर सांपडेलच असें नाहीं. या बाबतींतले आंतरराष्ट्रीय दंडक १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले आणि २००८ सालीं सुधारले गेले. सर्वसाधारण मजकूर व त्याची पार्श्वभूमि यांच्या उजळपणांत किमान ४.५ : १ असें प्रमाण असावें, हें त्यांतील एक कलम. भारतांतही २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें हा विषय इच्छेवर सोडलेला नाहीं. मराठी मजकुराला आणखी एक अडचण आहे. कार्यालयांतल्या जुन्या टंकांत लिहिलेलें परिपत्रक जसेंच्या तसें संकेतस्थळावर उतरविलें, तर वाचकाच्या पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. युनिकोडांत तें नव्यानें आणावें लागतें, आणि त्यालाही दिवस लागतात. हीं कामें मागाहून करूं म्हटलें कीं होत नाहींत. पहिल्या सांच्यांतच तीं बसवावीं लागतात.

विभागप्रमुखांचा आक्षेप मात्र अगदींच निराधार नाहीं. रोजच्या मिळकतींतून शुल्क भरणाऱ्या माणसाला संस्थेची पतही पारखावयाची असते. शिकविणार कोण, प्रमाणपत्राला मान्यता कोणाची, हें त्याला हवें असतें. पण तें सांगण्यास इमारतींचीं छायाचित्रें लागत नाहींत. अध्यापकाचें नांव, त्याचा अनुभव आणि मान्यतेचें एक वाक्य अभ्यासक्रमाच्या पानावरच असलें, तर तेवढ्यानें विश्वास बसतो.

रचना बरोबर झाली कीं नाहीं, हें बैठकींत ठरत नाहीं. जेकब निल्सन यांनीं २००० सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पांच माणसांना संकेतस्थळ वापरावयास देऊन नुसतें पाहत बसलें, तरी सुमारें ८५ टक्के दोष उघडे पडतात. त्यांचें गणित प्रत्येक ठिकाणीं तंतोतंत लागू पडेल असें नव्हे. परंतु त्यांतलें व्यवहारज्ञान खरें आहे. या पांच जणांत एक परिचारिका असावी, एक कारखान्यांतला तंत्रज्ञ असावा, एखादी शाळाशिक्षिका असावी. त्यांच्या हातीं मोबाईल द्यावा, अर्जाची शेवटची तारीख शोधावयास सांगावी, आणि मध्यें बोलूं नये. एका दुपारचें हें काम. अत्यंत अपुऱ्या मुदतींतही तेवढी दुपार काढतां येते, आणि ती काढली नाहीं तर पुढील सारें वर्ष दूरध्वनीवर तींच उत्तरें देण्यांत जातें.

मुदत अपुरी असणें ही आपत्ति खरी; पण सहा महिने मिळाले असते तर जो निर्णय टाळतां आला असता, तो ती सहा आठवड्यांत घ्यावयास लावते. हें पान कोणासाठीं, असा तो निर्णय. तो एकदां झाला कीं प्रत्येक अभ्यासक्रमाला एक पान पुरतें, आणि त्या पानाच्या माथ्यावर पांच उत्तरें बसतात. कुलगुरूंचा संदेश पुढच्या महिन्यांत आला तरी चालतो. रात्रीं साडेदहाला घरीं आलेल्या त्या परिचारिकेला पांच मिनिटांत तारीख सांपडली, अर्ज सांपडला, आणि मग ती निवांत झोंपली, कीं देवडीवरच्या माणसाचें काम झालें.