अर्जाआधीचा अभ्यास
(सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य ही दोन शास्त्रे सख्खी भावंडे असली, तरी त्यांची दृष्टी एक नाही. वैद्य रुग्णशय्येपाशी उभा राहून विचारतो, ‘याला काय झाले आहे?’ सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक गावाच्या वेशीवर उभा राहून विचारतो, ‘हा आजार येथे इतक्यांना का होतो?’ १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यू कोठे कोठे झाले हे शोधून ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपापर्यंत साथीचा माग काढला. रॉबर्ट कॉख यांनी पटकीच्या जंतूची ओळख पटवली ती त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी. मोजणे, तुलना करणे आणि कारणापर्यंत पोहोचणे, हा या शास्त्राचा पाया होय.

या विषयातील पदव्युत्तर पदवी म्हणजे एमपीएच. तिच्या तयारीचा प्रश्न निघाला की विद्यार्थी प्रथम परीक्षा, शुल्क आणि विद्यापीठांची यादी यांकडे वळतात. या गोष्टी आवश्यक आहेत, परंतु त्या दुसऱ्या पायरीच्या आहेत. पहिली पायरी कोणती, हे महाराष्ट्रातच पाहावयास मिळते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ही पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ते दुखणे त्या घरांत पूर्वीपासूनच होते. त्याची मोजदाद मात्र कोणी केली नव्हती.

पुढे नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा प्रश्न पुढे आला. रुग्णालय दूर, रस्ता नाही, बाळंतपण घरीच. अशा स्थितीत ३९ गावांतील आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत राबवण्यात आली आणि ४७ गावांशी तुलना करण्यात आली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये घरपोच नवजात काळजीचा हा मार्ग देशाच्या आरोग्यकार्यक्रमात आला. यात पदवीचा वाटा निश्चित होता. मात्र त्या पदवीला कामाला लावणारा प्रश्न गडचिरोलीचा होता.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वी किमान वर्षभर प्रत्यक्ष कामात घालवावे. प्राथमिक आरोग्य केंद्र, आश्रमशाळा, पाणीपुरवठ्याचे काम, कोठेही. आशाताईंबरोबर घरोघर फिरावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हानिहाय अहवाल सर्वांना उपलब्ध आहेत. आपल्या जिल्ह्याचा अहवाल वाचावा आणि कागदावरील आकडा व डोळ्यांसमोरील गाव यांत अंतर कोठे पडते, ते टिपून ठेवावे. संख्याशास्त्राची भीती असेल तर ती याच काळात घालवावी, कारण रोगप्रसारशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र हे या अभ्यासक्रमाचे दोन खांब आहेत.

यानंतर येतो उद्देशपत्राचा प्रश्न. ‘समाजाची सेवा करण्याची लहानपणापासूनची इच्छा’ असे वाक्य निवडसमितीपुढे असंख्य अर्जांत येते. त्याऐवजी एक प्रसंग, त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न आणि तो सोडवण्यासाठी आपल्याला नेमके काय शिकावयाचे आहे, एवढे स्वच्छ लिहावे. आपले अपयशही लपवू नये. शिफारसपत्र मोठ्या पदाधिकाऱ्याचे घेण्यापेक्षा ज्याने आपले काम जवळून पाहिले आहे, त्याचे घ्यावे. प्रवेशाच्या अटी संस्थागणिक निराळ्या असतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी जीआरई परीक्षेची सक्ती काढली आहे, म्हणून प्रत्येक संस्थेचे त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत.

आणि परदेशातच जावे लागते असेही नाही. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून उभी आहे. तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ येथेही या विषयाचे शिक्षण मिळते. ज्यांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करतानाच मृत्यू पावल्या, हे तेथे शिकणाऱ्याने विसरू नये.

अर्ज पूर्ण झाला की तो एकदा बाजूला ठेवावा आणि आपण ज्या गावात काम केले, तेथील आशाताईला तो वाचून दाखवावा. तिने ‘हो, असेच आहे’ म्हटले, तर तो पाठवावा. तिने मान हलवली नाही, तर मात्र पुन्हा लिहावयास बसावे.