घरातील दगडांचा संग्रह



मुलाच्या खिशात दगड सापडला की आपण रागावतो. कृपया तो फेकू नका. एक रिकामे खोके, वही आणि पेन्सिल, एवढ्यावर गरिबाच्या घरीही विज्ञान शिकता येते.

आपल्या जिल्ह्यातील काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी मिळते. जुन्या बाटलीवर ती घासा, काचेवर ओरखडा उठतो. शेतातील चुनखडीवर लिंबू पिळा, बुडबुडे येतात. उत्तर आधी सांगू नका. मुलांना, आणि मुलींनाही, स्वतः करून पाहू द्या. प्रत्येक दगडासोबत गाव व तारखेची चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवाचून दगड मुका राहतो.

लोणारला मुलांना अवश्य न्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर उल्कापाताने बसाल्टमध्ये झाले. मात्र ते अभयारण्य आहे, आणि २०२० पासून रामसर स्थळही. तेथील एकही खडा उचलू नये. वहीत चित्र काढून आणावे. काय घ्यावे याबरोबर काय जागीच ठेवावे, हेही मुलांना आपणच शिकवायचे आहे.