लग्नपत्रिका आणि आपला मोबाईल
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, विद्यार्थी साहाय्यनिधी अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे होतात. यंदा चिटणीसांनी मजसारख्या मॅट्रिक झालेल्या एका निवृत्त शिक्षकास मोबाईलवर बोलावयास सांगितले, याचे काहींना नवल वाटले असेल. संगणकशास्त्राचे मला ज्ञान नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतरच्या काळात आपल्या ज्येष्ठ सभासदांना हे यंत्र हाताळावयास शिकविण्याचे काम मी करीत आलो आहे. त्यांचा हात कोठे अडतो आणि कोठे नको तितका पुढे जातो, हे जवळून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द बोलतो.

प्रथम या यंत्राचे उपकार मान्य केले पाहिजेत. नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या पायऱ्यांवर बसून राहणारी आपली वृद्ध मंडळी मला आठवतात. ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था २०१४ साली आली आणि २०२१ पासून मोबाईलपुढे चेहरा धरूनही तो दाखला देता येऊ लागला. पुण्यात नोकरी करणारा मुलगा आईला औषधासाठी पैसे पाठवितो, ते ती देवापुढची समई लावून उठते न उठते तोच खात्यात जमा होतात. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. त्यापूर्वी हेच काम मनीऑर्डरीने किंवा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती होत असे. शेतीचा सातबारा, रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, सारे घरबसल्या होते. मोबाईल हे कलियुगाचे अरिष्ट आहे, तो दूर ठेवा, असे सांगणाऱ्यांच्या पंथाचा मी नव्हे. पण आज मला बोलावयाचे आहे ते या यंत्रातून येणाऱ्या एकाच वस्तूविषयी, आणि ती वस्तू आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याची आहे. ती म्हणजे लग्नपत्रिका.

आमंत्रणाला आपल्याकडे केवढे महत्त्व, हे या सभेत सांगावयास नको. पुष्कळ घरांतून पहिली पत्रिका राजाबाजारच्या संस्थान गणपतीपुढे ठेवतात, दुसरी कुलदैवताला जाते, आणि मग घरातील कर्ता माणूस अक्षता व हळदकुंकू घेऊन नात्याच्या पायरीपायरीने निघतो. थोरल्या आत्याच्या आधी धाकटीकडे गेला, तर ती गोष्ट दहा वर्षे ऐकावी लागते. पत्रिका हाती न देता दारात टाकून गेला म्हणून मांडवात पाय न ठेवणारे व्याही आपण पाहिले आहेत. म्हणूनच छापील पत्रिकेच्या तळाशी आपण आवर्जून घालतो, की नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आमंत्रण समजावे. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आले. गावोगाव हिंडण्याचे कष्ट वाचले, आणि करोनाच्या काळात तर तोच एक मार्ग उरला. आता चुलत्याच्या नातवाचीही पत्रिका मोबाईलवर येते आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. हा बदल आपण पाचसात वर्षांत पचविला.

चोरानेही तो पाहिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मराठवाड्यातीलच हिंगोली जिल्ह्यातली एक हकीकत वृत्तपत्रांत आली होती. एका शासकीय कर्मचाऱ्यास अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सअ‍ॅपवर ३० ऑगस्टच्या लग्नाचे निमंत्रण आले. सोबत पत्रिकेसारखी दिसणारी फाईल होती. ती त्यांनी उघडली, आणि त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. अशाच प्रकाराविषयी त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या लग्नसराईत, हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लोकांना सावध केले होते. म्हणजे हा धंदा एका गावचा नव्हे. तो मुहूर्त पाहून चालतो.

नुसती पत्रिका उघडल्याने पैसे कसे जातील, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. खरी पत्रिका म्हणजे एक तर चित्र असते, नाहीतर पीडीएफ, नाहीतर गाण्याची चित्रफीत. ती पाहावयाची आणि मिटावयाची. चोर पाठवितो ती पत्रिका नसतेच. ते एक अ‍ॅप असते, आणि फाईलच्या नावाच्या शेवटी एक ठिपका देऊन ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. अँड्रॉईड जातीच्या मोबाईलवर कोणतेही अ‍ॅप ज्या स्वरूपात येते ते हे स्वरूप होय. पत्रिका आपण वाचतो. हे अ‍ॅप मात्र मोबाईलमध्ये बिऱ्हाड करते. एरवी अ‍ॅप आपण प्ले स्टोअर नावाच्या दुकानातून घेतो. दुकानाबाहेरून आलेले अ‍ॅप आत घ्यावयाचे झाल्यास मोबाईल आपणहून अडवितो आणि परवानगी विचारतो. एकदा नव्हे, दोनतीनदा विचारतो. मग ते अ‍ॅप स्वतः विचारते, की तुमचे एसएमएस वाचू का? आपण ‘अलाऊ’ म्हणतो. येथे किल्ली हातची गेली. कारण बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, आणि तो आपल्या आधी चोराच्या दृष्टीस पडतो. काही अ‍ॅपे आपल्या मोबाईलचा ताबा घेऊन तीच फाईल आपल्या नावाने आपल्या साऱ्या नातेवाइकांना धाडतात. तेव्हा ‘ओळखीच्या नंबरवरून आली होती’ हा भरवसा धरण्यात आता अर्थ राहिलेला नाही.

घरच्या संगणकावरही याच जातीचा खेळ चालतो. पडद्यावर लाल अक्षरे येतात, भोंगा वाजतो, संगणकास विषाणू लागला असून अमुक क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करा असे म्हटलेले असते. दूरध्वनी केला, की पलीकडचा गोड माणूस आपला संगणक दुरून चालविण्याचे एखादे साधन उतरवून घ्यावयास सांगतो. अशा साधनांविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ साली बँकांना सावध केले होते. त्या लाल पडद्याला उपाय एकच, संगणक बंद करावा आणि नातवाची वाट पाहावी. हे विषयांतर झाले, पत्रिकेकडे वळतो.

आपण इतक्या परवानग्या का देतो? सूचना इंग्रजीत असतात हे एक कारण. मोबाईलची भाषा मराठी करता येते आणि ती करावी, असे मी गळी उतरवून थकलो. आपल्या लोकांना त्यात कमीपणा वाटतो. परंतु खरे कारण निराळे आहे. आमंत्रण न पाहता ठेवून देणे आपल्या संस्कारात बसत नाही. कोणाचे लग्न आहे हे समजले नाही, आपण गेलो नाही, आणि उद्या ते घर आपल्या नातीच्या लग्नाला आले नाही तर? ही भीड आपल्या बोटात उतरते. फसणारा मनुष्य लोभी असतो असे आपण सहज म्हणून जातो. लॉटरीच्या निरोपाला फसणाऱ्यास ते लागू पडेल. पत्रिका उघडणाऱ्यास ते लावणे हा अन्याय आहे. त्याने चार माणसे धरून राहण्याची आपली रीत पाळलेली असते.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तेथे येतो. आपल्याच एका कुटुंबातील ही गोष्ट आहे. त्यांच्या अनुमतीने सांगतो. नाव सांगणार नाही आणि कोणी तर्कही करू नये. घरातील गृहस्थ निवृत्त. साडूच्या मुलाच्या क्रमांकावरून पत्रिका आली. उघडली, पण नवरानवरीचे नाव काही दिसेना, पडदा पांढरा. मोबाईल जुना झाला असे म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. रात्री खात्यातून तीन वेळा मिळून त्यांच्या साडेतीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी रक्कम गेली. सकाळी त्यांना ते कळले. आणि कळूनही ते चार दिवस गप्प राहिले! कारण पाचव्या दिवशी मुलीचा साखरपुडा होता. व्याह्यांच्या कानावर गेले तर काय म्हणतील, जावई हसतील, भाऊबंद म्हणतील म्हातारपणी मोबाईल हवा कशाला. साखरपुड्याच्या पंगतीत ते गृहस्थ हसतमुखाने आग्रह करीत होते, आणि त्याच वेळी त्यांच्या मोबाईलवरून गेलेली ती पत्रिका नात्यातील आणखी दोन घरांत उघडली गेली होती. त्यांपैकी एक घर एका विधवा भगिनीचे आहे.

त्या चार दिवसांची किंमत काय, ते नीट ऐकावे. अशा फसवणुकीसाठी १९३० हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदताच पैसे ज्या बँकेत गेले तिला कळविले जाते, आणि चोराने ते काढून घेतलेले नसतील तर तेथेच रोखून धरता येतात. चोर पैसे एका खात्यात ठेवीत नाही. तासाभरात चार खाती फिरवितो. म्हणून येथे दिवसांचा नव्हे, घटकांचा हिशेब आहे. दुसरे असे, की रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात म्हटले होते, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रसंगी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास त्याच्यावर भार येत नाही. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असले, तरी त्याने बँकेला कळविल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचे. म्हणजे आपले चुकले असे वाटत असले तरी कळविण्यात लाभच आहे.

तेव्हा अशी फाईल उघडली गेली असे ध्यानात येताच काय करावे? मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, जमल्यास सिमकार्डच काढून घ्यावे. दुसऱ्याच्या मोबाईलवरून बँकेला कळवून खाते व यूपीआय थांबवावे. मग १९३० लावावा. सायबर क्राईमच्या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. मोबाईल जाणत्याकडून साफ करून घेतल्यावाचून त्यावर पुन्हा पैशाचा व्यवहार करू नये. आणि नात्याच्या गटावर, जावयासकट सर्वांना, एक ओळ लिहावी, की माझ्या नावाने आलेली पत्रिका उघडू नका. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, हे मी जाणतो. पहिली ओळ लिहिणाऱ्याची कोणी थट्टा केली, तर दुसरा लिहिणार नाही. आपल्या कार्यकारी मंडळाने ही थट्टा सभ्यतेविरुद्ध ठरवावी, इतके मला ते महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या संस्थेच्याच एका रिवाजाविषयी बोलतो. ते काहींना आवडणार नाही. वधू-वर सूची हे आपल्या संस्थेचे भूषण आहे. तीत आपण मुलामुलींचे छायाचित्र, जन्मतारीख, जन्मवेळ, वडिलांचा हुद्दा, वार्षिक उत्पन्न, मामांचे आडनाव व गाव आणि मोबाईल क्रमांक असे सारे छापतो. सूची पुस्तकरूपाने निघत होती तोवर ती ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याखालच्या फळीवर राही, आणि मागावयास येणारा माणूस ओळखीचा असे. आता तिची पीडीएफ निघते व ती कोठवर गेली याचा पत्ता लागत नाही. या माहितीचा चोराला उपयोग काय? मामांचे आडनाव म्हणजे आईचे माहेरचे आडनाव. पुष्कळ ठिकाणी खातेदाराची ओळख पटविण्यासाठी नेमका हाच प्रश्न विचारीत आले आहेत. ई-आधारची फाईल उघडण्याचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. उत्पन्नाचा आकडा पाहून कोणाच्या दारी जावे हे चोराला कळते, आणि नातेसंबंध पाहून कोणाच्या नावाने जावे हेही कळते. आपण त्याच्या हाती घराचा नकाशाच देतो.

माझी सूचना अशी आहे. पुढील सूचीत नाव, शिक्षण, व्यवसाय, राहण्याचे गाव व अनुक्रमांक एवढेच असावे. जन्मवेळ, उत्पन्न, मामांचे कूळ आणि दूरध्वनी ही माहिती कार्यालयातील वहीत राहावी आणि सभासदाने मागितल्यास, मागणाऱ्याचे नाव नोंदवून, द्यावी. काही ज्येष्ठांनी मला आधीच ऐकविले आहे, की अशाने स्थळे जुळण्यास विलंब लागेल, आणि परगावच्या पालकांनी कार्यालयात कितीदा दूरध्वनी करावयाचा? आक्षेप खोटा नाही. विलंब लागेल. दर रविवारी दोन तास कार्यालयात बसण्याची माझी तयारी आहे. आणखी एक दोघे मिळाल्यास काम निभेल. ठराव मी चिटणीसांकडे लेखी दिला आहे. दुपारच्या सर्वसाधारण सभेत त्यावर मोकळेपणाने बोलावे, विरोधकांनी तर अवश्य बोलावे.

भोजनानंतर सभागृहाच्या डाव्या बाजूच्या खोलीत आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन मुली व दोन मुलगे बसणार आहेत. दुकानाबाहेरचे अ‍ॅप घेण्याची परवानगी कोणत्या मोबाईलमध्ये चालू आहे, एसएमएस वाचण्याची मुभा कोणाकोणाला दिली आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल आपोआप उतरते काय, हे ते पाहून देतील आणि हवी असल्यास मराठी भाषा लावून देतील. परवलीचा शब्द त्यांनाही सांगू नये. तो आपण स्वतः दाबावा. ज्यांना वाचावयाचा चष्मा लागतो त्यांनी तो जेवणाच्या पानाजवळ विसरू नये, कारण गेल्या वर्षीचे दोन चष्मे अद्याप कार्यालयात पडून आहेत.